घरात आठ वर्षांचा मुधोळ, आता दोन महिन्यांचं पिल्लू आणायचंय

खानापूरकर
घरी मुधोळ हाउंड जातीचा शिकारी कुत्रा आहे. नर, वय ८, नसबंदी केलेली नाही. माणसांत शांत, पण मांजर दिसलं की सुटतो. आता गल्लीतलं दोन महिन्यांचं मादी पिल्लू ठेवून घ्यायचं ठरलंय, त्याला अजून एकही लस नाही. घर जुनं कौलारू, पुढं पडवी, मागं परसू. पावसामुळं दोघं बहुतेक वेळ आतच राहणार. पहिली भेट कुठं घालावी, किती दिवस वेगळं ठेवावं? जाणकारांनी सांगा की.

चिकोडीचा हाउंडवाला
मुधोळच्या बाबतीत भांडणापेक्षा पाठलागाची भीती जास्त. नजरेनं शिकार हेरणारी जात आहे ही. पिल्लू बसलेलं असलं तर हुंगून बाजूला होईल, तेच कुईं करत पळालं की त्याला ससा दिसणार. म्हणून सुरुवातीला पिल्लाला पळायला जागाच ठेवू नका.

पडवी ही त्याची हद्द, तिथं भेट नको. शेजाऱ्यांचं बंद अंगण बघा. आधी मोठ्याला अर्धा-पाऊण तास फिरवून दमवा. पिल्लू जाळीच्या पिंजऱ्यात, मोठा पट्ट्यावर, मध्ये आठ-दहा फूट अंतर. पट्टा सैल धरा. ताणलात तर त्याचं अंगही ताणतं. हाक मारल्यावर मान वळवली तर लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. अंग ताठ, शेपूट स्थिर, नजर रोखलेली आणि हाक ऐकूच जात नाही, असं दिसलं तर मागे घ्या, अंतर वाढवा. एका वेळी पाच मिनिटं पुरे, दिवसातून दोन-तीनदा.

सलग तीन-चार दिवस तो दुर्लक्ष करू लागला की पिल्लू बाहेर काढा, पण त्यालाही हलकी दोरी हवी. तीन सेकंद हुंगू द्या, परत बोलवा, पुन्हा सोडा. मोठ्याला जाळीचं मुसकं घालायचं असेल तर ते आठवडाभर आधी, आत खाऊ ठेवून सवयीचं करा. तोंड उघडून धापा टाकता येतील असंच घ्या. कापडी पट्टीनं तोंड बांधू नका.

गुरगुरला म्हणून रागावू नका. ती सूचना असते. ती बंद पाडलीत तर पुढच्या वेळी न सांगता चावतो. आणायच्या आधी दोघांच्या अंथरुणाच्या कापडांची अदलाबदल केलीत तर वासाची ओळख होते.

निपाणी पशुवैद्य
वरचं बरोबर आहे, फक्त कापडांची अदलाबदल आत्ता नको. गल्लीतल्या पिल्लाच्या अंगावर गोचीड, पिसवा, कधी खरूज असते, ती कापडातून जाते. आधी तपासणी, मग ओळख.

लस नसलेलं पिल्लू किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. पार्वो किंवा डिस्टेंपर (कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार) अंगात मुरत असेल तर बहुधा तेवढ्या काळात दिसतो. उलटी, रक्ताची हगवण, खाणं बंद यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, कारण पार्वोत पिल्लू पाणी कमी होऊन जातं. मोठ्याचा लसीचा वार्षिक डोस चुकला असेल तर तो पिल्लू आणायच्या दोन आठवडे आधी द्या.

पिल्लाची एकत्रित लस आता सुरू करा, दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीज तीन महिन्यांवर. जंताचं औषध वजन करून, तीन महिन्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी.

पार्वो साध्या फिनाइलनं मरत नाही. एक लिटर पाण्यात ३० मिली ब्लीच घालून फरशी १० मिनिटं ओली ठेवा, मग धुवा. फिनाइल किंवा ॲसिड त्यात मिसळू नका. सारवलेली जमीन अशी शुद्ध होत नाही, म्हणून फरशीची खोलीच निवडा. रोजचं खाणं-पाणी, साफसफाई आधी मोठ्याचं करा, मग पिल्लाचं. उलट क्रमानं गेलात तर हात धुवा, चप्पल बदला.

गोचिडांसाठी जनावरांना लावतात ते अमिट्राझ चार महिन्यांखालच्या पिल्लाला लावू नका.

आठ वर्षांच्या कुत्र्याचे सांधे आणि दातही तपासून घ्या. दुखऱ्या कंबरेवर पिल्लानं उडी मारली की शांत कुत्राही फटकन चावतो.

खानापूरकर
फरशीची खोली आहे. पिल्लाला दूध-भाकरी चालेल का? आणि रात्री रडलं तर?

शहापूरची अक्का
दुधानं पुष्कळ पिल्लांना हगवण लागते, आणि मग ती दुधाची की पार्वोची हे कळत नाही. पिल्लांचं तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून दिवसातून चारदा द्या, तीन महिन्यांनंतर तीनदा. घरचं द्यायचं तर मऊ भात, उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं चिकन. पण नुसत्या घरच्यावर वाढत्या हाडांना कॅल्शियम कमी पडतं, डॉक्टरांना विचारून द्या. कांदा-लसणाचं कालवण नको. द्राक्षं आणि बेदाणे तर दोघांनाही विष. आपल्याकडं अथणीचे बेदाणे डबाभर घरात असतात, तेवढा डबा वर ठेवा.

दोघांची ताटं कायम वेगळ्या खोल्यांत, संपली की उचलायची. पिल्लाचं खाद्य जड असतं, मोठ्यानं रोज चाटलं तर वजन चढतं. पाण्याची भांडी मात्र दोन, दोन कोपऱ्यांत.

रात्री झोपायच्या आधी शू करवून आणा. त्यानंतर रडलं तर मध्यरात्री एकदा पुन्हा न्या, दिवा न लावता, न बोलता, आणि परत ठेवा. पहिले दिवस कुणीतरी त्या खोलीत झोपलं तर लवकर थांबतं. दिवसा उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर.

एकत्र राहू लागल्यावरही मोठ्याला एक खाट किंवा कट्टा असा हवा जिथं पिल्लू चढू शकत नाही. घरात माणूस नसेल तेव्हा दोघं वेगळी, निदान पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत. लहान म्हणून मोठा जे सोडून देतो, ते चार-पाच महिन्यांनंतर सोडत नाही, तेव्हा थोडी दटावणी दिसेल. पिल्लू किंचाळत सुटून परत खेळायला येत असेल तर ठीक. कोपऱ्यात दबून राहत असेल तर मध्ये पडा.

आणि नर न कापलेला, पिल्लू मादी. सहा महिन्यांनंतर केव्हाही माजावर येईल. दोघांपैकी एकाची तरी नसबंदी कधी करायची, हे पहिल्या लसीच्याच वेळी डॉक्टरांना विचारून ठेवा.