पाठ होतं पण टिकत नाही, त्याचं काय?
वर ज्यांनी लिहिलंय की मुलगा दहावीला आहे, इतिहासाचा धडा चार चारदा वाचतो, स्मरणशक्तीसाठी बदामही खातो आणि तरी पेपरात आठवत नाही, त्यांच्यासाठी. अहो चारदा वाचणं हाच प्रॉब्लेम आहे. परत परत वाचलं की ओळखीचं वाटतं आणि येतंय असं वाटायला लागतं, पण पुस्तक मिटून स्वतःहून सांगायची वेळ आली की गाडी अडते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये कॉलेजच्या मुलांवर हेच करून बघितलं, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे!

म्हणून एकदा नीट वाचायचं, पुस्तक बंद, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं आणि मग उघडून काय राहिलं ते बघायचं. पहिल्यांदा जीव जातो, मुलगा चिडेल पण (माझी भाची तर रडलीच होती). मग तेच दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी, आठवड्याने, एका रात्रीत चार वेळा नाही.

बदामाबद्दल बोलत नाही, खाऊ दे बिचाऱ्याला.

आणि ते तानापिहिनिपाजा टाइप शॉर्टकट क्रम लक्षात ठेवायला झकास, पण 1857 च्या उठावाची कारणं त्यात बसवायला जाऊ नका, ती समजूनच घ्यावी लागतात.