नोकरी करता करता शाश्वत विकासाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का? माझं मत: आपण घ्यायलाच हवं

ताणाबाणा:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यात करणाऱ्या युनिटमध्ये मी अकरा वर्षं काम करते आहे. सुरुवातीला शिपिंगचे कागद करायचे, आता परदेशी खरेदीदारांची ऑडिटं माझ्याकडे असतात. मी लागले तेव्हा खरेदीदार जीएसएम (चौरस मीटरमागे वजन) किती, रंग पक्का आहे का, कंटेनर कधी निघणार, एवढंच विचारायचा. आता किलोमागे पाणी किती लागलं, बॉयलरमध्ये काय जाळता, ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचा, गाळ कुठे जातो, कापूस कुठला, पॅकिंगमधल्या बायकांचा ओव्हरटाइम किती, असे लांबलचक तक्ते येतात. ते मीच भरते.

मागच्या महिन्यात एका तक्त्यात प्रश्न होता: तुमचं युनिट पाणीटंचाईच्या खोऱ्यात आहे का? मी 'हो'वर खूण केली आणि पुढच्या रकान्यात गेले. त्याच रात्री आमच्या भागात चार दिवसांनी नळाला पाणी आलं. बॅरल भरताना ते 'हो' काही डोक्यातून जाईना. १९८० साली पूर्ण झालेलं, सुमारे ११७ टीएमसी साठवण असलेलं उजनी आपल्याच जिल्ह्यात आहे, तरी शहर पाळीनं पाणी भरतं. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत. आणि त्याच खोऱ्यातल्या पाण्यात धुतलेला टॉवेल आम्ही युरोपला पाठवतो. ही सगळी गुंतागुंत एका खुणेत बसवून मी मोकळी झाले होते.

म्हणून शाश्वतता आणि आंतरराष्ट्रीय विकास या विषयांत नोकरदारांसाठी असलेला दोन वर्षांचा अर्धवेळ अभ्यासक्रम करायचं मनात आहे. वर्ग संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी, आणि प्रबंध स्वतःच्या कामावर करता येतो. घरातून आणि ऑफिसातून एकच प्रश्न येतो, चाळिशीत एम.ए. करून काय मिळणार? माझं म्हणणं उलट आहे. बाविसाव्या वर्षी हा विषय शिकले असते तर पाठ करून पेपर लिहून आले असते. आता प्रत्येक धड्यापुढे ठेवायला माझ्याकडे कारखान्यातला एक प्रसंग आहे. हे शिक्षण दहा-बारा वर्षं काम केलेल्यांनीच घ्यावं असं मला वाटतं. तुमचं मत सांगा, विरोधातलं असेल तर जास्त बरं.

भीमाकाठ:
ताई, विरोधातलंच सांगतो. सांगोला-मंगळवेढा भागात मी चौदा वर्षं पाणलोटाचं काम केलं. आमचा निधी परदेशातून यायचा, तो आटला आणि प्रकल्प गुंडाळला. सोबतच्या दोघांकडे परदेशी विद्यापीठांच्या याच विषयातल्या पदव्या होत्या. एक आता विमा विकतो.

हे एकट्या आमच्या संस्थेचं दुखणं नाही. २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेनं परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गावपातळीवरच्या लहान संस्था मोठ्यांकडून येणाऱ्या पैशावर उभ्या असायच्या, त्यांचा तो रस्ताच बंद झाला. मग जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली आणि १ जुलैला यूएसएड ही ती मदत वाटणारी संस्थाच मिटली. ब्रिटननं आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ वर आणायचं ठरवलंय. ज्या क्षेत्रात शिरण्यासाठी ही पदवी आहे, तेच आकसतंय. कर्ज काढून ती घेऊ नका.

दुसरं म्हणजे, आपल्याकडचं खरं काम पदवीतून उभं राहिलेलं नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या नाही, माणसांच्या हिशोबानं, माणशी अर्धा एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकला जात नाही. साळुंखे अभियंता होते, कारखानदार होते. विकासाची पदवी त्यांनी कुठे घेतली होती? दुष्काळात लोकांबरोबर उभे राहिले म्हणून त्यांना ते सुचलं.

होटगीरोड:
माझं कापड धुण्या-रंगवण्याचं छोटं प्रोसेस हाउस आहे, मालक म्हणून बोलतो. मला असा माणूस पाहिजे जो बॉयलरचा कोळसा कमी करून दाखवेल, वाफेचं झालेलं पाणी (कंडेन्सेट) परत फिरवेल, वाफेच्या नळीवरचा गळका स्टीम ट्रॅप ओळखेल. त्यासाठी ऊर्जा दक्षता ब्युरोची एनर्जी ऑडिटरची परीक्षा आहे, ती द्या. पदवी झाली की माणूस पुण्याला जातो हे मी दोनदा बघितलंय. युरोप आता कार्बन कर लावतोय, टॉवेल महाग होणार, आणि अशा वेळी आमच्याकडे दोन वर्षं शिकत बसायला वेळ कुणाला आहे?

ताणाबाणा:
मालक, एनर्जी ऑडिटरची परीक्षा चांगली आहे, आमच्या मेंटेनन्सच्या मुलानं द्यावी म्हणून मीच मागे लागले आहे. पण तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल सांगते. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून खरोखर सुरू झाला, मात्र तो पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन यांवर आहे. टॉवेल त्यात नाही. आपल्याला लागणारा कायदा वेगळा आहे. २०२४ मध्ये तिथे वस्तूंच्या इकोडिझाइनचा, म्हणजे वस्तू टिकाऊ आणि पर्यावरणाला कमी जाचक बनवण्याचा, नियम लागू झाला. त्यात कापडाला अग्रक्रम आहे आणि मालाला डिजिटल पासपोर्ट, म्हणजे त्याची माहिती देणारी नोंद, जोडायची तरतूद आहे. आपल्या लाइनमधले बरेच जण चुकीच्या कराला घाबरून बसलेत आणि जो नियम खरोखर दारात येणार आहे त्याची तयारी कुणी करत नाही.

देशातही तेच चाललंय. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि कामगारांविषयीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. त्या कंपन्या आता आपल्यासारख्या पुरवठादारांना तेच प्रश्न विचारू लागल्या आहेत.

होटगीरोड:
माझी चूक झाली, मान्य. पण हे तुम्ही वर्गात न जाता वाचलंत ना? दोन तासांत मीही वाचलं असतं. त्याला दोन वर्षं आणि लाखांची फी कशाला?

कुंभारी:
इथे पाण्यावर आणि टॉवेलवर चाललंय, मी विडीवर बोलते. माझी आई चाळीस वर्षं विड्या वळत होती. हजारावर मजुरी, कारखान्यात तपासणीत बाद झालेल्या विड्या तिच्या माथी. आज आम्ही कुंभारीला पक्क्या घरात राहतो. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा आधी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, मग रे नगरची तीस हजारांची योजना आली.

विकासाचा अभ्यास म्हटलं की मला आमच्या गल्लीत येणारी सर्वेक्षणवाली मुलं आठवतात. श्वासाचा त्रास होतो का, पाठ दुखते का, किती शिकलात, घरात माणसं किती. आई पान कापता कापता उत्तरं द्यायची, त्या तासाची मजुरी बुडायची. अहवाल कुणी आणून दाखवला नाही. ज्यांच्यावर अभ्यास होतो त्यांना तो वाचायला मिळत नाही, ही या विषयाची जुनी खोड आहे. पदवी घेणारे आणखी वाढले म्हणून ती जाणार आहे का?

आणि बघा, २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार झाला. भारतानं २००४ मध्ये त्याला मान्यता दिली, २००५ पासून तो अमलात आहे. त्यातल्या इशाऱ्याच्या कलमाची आमच्याकडे चांगली अंमलबजावणी झाली. एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर सचित्र इशारा आला. ते योग्यच आहे, तंबाखूनं माणसं मरतात, मी त्याच्या बाजूची आहे. पण त्याच करारात कलम १७ आहे. तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांना परवडेल असा पर्यायी रोजगार उभा करायला मदत करावी, असं त्यात म्हटलंय. आमच्या गल्लीत विचारा, ते कलम कुणी ऐकलंय का.

ताणाबाणा:
तुमचं वाचून सर्वेक्षणवाल्यांबद्दल काही म्हणायला तोंड उरलं नाही. पण एक विचारते, राग मानू नका. तुम्हाला कलम १७ कुठे समजलं?

कुंभारी:
बरोबर पकडलंत. छत्तिसाव्या वर्षी, दूरशिक्षणानं समाजकार्यात एम.ए. करताना. दिवसा बालवाडी, रात्री अभ्यास. इंग्रजी मजकूर होता, एकेक ओळ कोशात बघून मी मराठीत उतरवला. आमच्या गल्लीत बहुतेक घरांत तेलुगू बोलतात, म्हणून शेजारच्या अक्कांनी तो तेलुगूत सांगितला. बायका गप्प झाल्या. मग एकीनं विचारलं, "हे सरकारला माहीत होतं?" वीस वर्षांत असं काही आमच्यासाठी लिहून ठेवलंय हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

म्हणून माझा विरोध शिकण्याला नाही. अभ्यासक्रमाला मराठीत प्रबंध चालत नाही, फी ऐकूनच माझ्यासारखी मागे फिरते, आणि प्रबंध जमा झाल्यावर तो गल्लीत वाचून दाखवायची अट कुठेच नसते. हे तिन्ही बदला म्हणून भांडा, मी तुमच्यासोबत उभी राहीन.

भीमाकाठ:
ताई, तुमचं वाचून थांबलो. तरी साळुंखेंचा मुद्दा सोडत नाही.

सातरस्ता:
जरा व्यवहाराचं. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे, सोलापूरपासून पाऊण-एक तासावर, ग्रामीण विकास शिकवतात, पण तिथे पूर्णवेळ जावं लागतं. नोकरी सोडायची नसेल तर दूरशिक्षण किंवा ऑनलाइन. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नियमित पदवीइतकीच धरावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. संस्थेला त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या यादीत बघून मगच पैसे भरा. परदेशी ऑनलाइन पदवी असेल तर इथली समकक्षता आधी तपासा, नंतर नाही. लंडन विद्यापीठ बाहेर राहणाऱ्यांना १८५८ पासून पदव्या देतंय, म्हणजे ही कल्पना नवी नाही. एक वर्ष ब्रिटनमध्ये जाऊन राहता येत असेल तर तिथल्या सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. शिकलेला माणूस निघून जाईल ही होटगी रोडवाल्या मालकांची भीती तिथे तरी निम्मी कमी होईल.

अर्ज करण्याआधी शिक्षक कोण आहेत ते बघा. ज्यांनी स्वतः कधी गावात किंवा कारखान्यात काम केलेलं नाही, त्यांच्या हाताखाली तुमची अकरा वर्षं वाया जातील.

ताणाबाणा:
मालक, 'दोन तासांत वाचलं असतं' याचं उत्तर द्यायचं राहिलं. नियम दोन तासांत वाचता येतो, हे खरं आहे. पण त्या तक्त्यातला पाण्याचा प्रश्न आमच्या गेटच्या आत थांबतो. मी किलोमागे दहा लिटर पाणी वाचवलं तर खरेदीदार शाबासकी देईल. ते वाचलेलं पाणी जाईल कुठे? नळाला येईल, उसाला जाईल, की आम्हीच आणखी चार मशीन लावून वापरू? पाणी वाटायचे नियम कुणी करायचे, मोडले तर कुणी बोलायचं, हे मला एकटीनं वाचून उमगत नाही. त्यासाठी मला कुणीतरी उलट प्रश्न विचारणारं पाहिजे, वेगळ्या खोऱ्यातून आलेले सोबती पाहिजेत, आणि लिहिलेलं तपासणारं माणूस पाहिजे.

भीमाकाठ दादा, साळुंखेंना पदवी लागली नाही, मान्य. पण नायगावचे नियम पुरंदरपलीकडे माझ्यापर्यंत पोचले, कारण कुणीतरी तिथे जाऊन ते नीट लिहून ठेवले. आपल्या मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रातून मालदांडी ३५-१ ज्वारी निघाली ती निवड करून, नोंदी ठेवून. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चाललंय. आपल्याकडे काम करणारे खूप झाले, लिहिणारे कमी पडले. आणि तुमची चौदा वर्षं कुठे लिहिली गेलीत?

भीमाकाठ:
कुठेच नाहीत. दात्याच्या पोर्टलवर पाठवलेल्या अहवालात होती, ते पोर्टल बंद झालं.

नोकरीच्या आशेनं ही पदवी घेऊ नये, हे माझं मत कायम आहे. कर्ज तर मुळीच काढू नका. पण घरी पत्र्याच्या पेटीत सतरा गावांची पावसाची आणि विहिरींच्या पातळीची रजिस्टरं आहेत, हातानं लिहिलेली. दोन-तीन वर्षांची पानं भिजलीत, बाकी वाचता येतात. प्रबंधाला घ्यायची असतील तर एखाद्या रविवारी या. एकट्या येऊ नका, या कुंभारीच्या ताईंनाही आणा. नोंदी मराठीत आहेत, आणि गावात जाऊन वाचून दाखवायच्या असतील तर रस्ता मी दाखवीन.

कुंभारी:
येते. रविवारी बालवाडी नसते.