क्वेकर शेजाऱ्यांच्या स्मृतिसभेला जायचंय, तिथे काय करतात?

सातारकरीण
बर्मिंगहॅममध्ये बोर्नव्हिल भागात राहते. हे तेच, कॅडबरींनी कामगारांसाठी वसवलेलं गाव. शेजारी एक ब्याण्णव वर्षांचे आजोबा होते, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे. मागच्या आठवड्यात गेले. शनिवारी त्यांची स्मृतिसभा आहे. लेक म्हणाली, पाद्री नसेल, सगळे गप्प बसतील, ज्याला वाटेल तो उठून बोलेल. हार न्यायचा का? पांढरी साडी नेसू की नको? तास-दीड तास नुसतं गप्प बसायचं म्हणजे नक्की काय करायचं?

दुसरं जरा अवघड आहे. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले. त्यांचा गणवेशातला फोटो आमच्या बैठकीत आहे. हे शेजारचे आजोबा मात्र तरुणपणी सक्तीची लष्करी सेवा नाकारून दोन वर्षं इस्पितळात स्ट्रेचर ढकलत होते. नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या आठवणीत सगळे लाल पॉपीचं फूल लावतात, हे शांततेसाठी पांढरं लावायचे. एकदा चहा घेता घेता मी बोलून गेले, "आमच्या गावात याला पळपुटेपणा म्हणतात." ते हसले नि म्हणाले, "माझे सासरेही हेच म्हणायचे." आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पुढे ओढला. टोस्टला लोण्यावर लावून खायचे ती.

तेव्हा विषय हसण्यावारी गेला. आता रात्री आठवतो. ही माणसं मानतात तरी काय?

लँकेस्टरचा बाळू
ताई, हार नको, पांढरी साडीही नको. रोजचे नीटनेटके कपडे चालतील. खुर्च्या गोलात किंवा चौकोनात असतात, मध्ये टेबल, त्यावर बहुधा फुलं. वेदी नाही, मूर्ती नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. आत जाऊन बसायचं. कुणी बोललं की त्याला उत्तर द्यायचं नाही, लगेच दुसऱ्याने उठायचं नाही, मध्ये थोडी शांतता जाऊ द्यायची. शेवटी दोन ज्येष्ठ माणसं हात मिळवतात, मग सगळेच शेजारच्याशी हात मिळवतात. झाली सभा. मी चार-पाच वेळा गेलोय. पहिली दहा मिनिटं पोटातली गुरगुर ऐकू येते, नंतर बरं वाटतं.

मानतात काय, तर प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, उजेड आहे. म्हणून मध्ये भटजी लागत नाही, आणि म्हणूनच समोरच्यावर बंदूक रोखता येत नाही. दोन्ही एकाच खुंटीवर टांगलेलं आहे. जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसाने सतराव्या शतकात हे सुरू केलं. १६५२ साली तो आमच्या या भागातल्या पेंडल टेकडीवर चढला होता. मीही चढलोय, वारा भयंकर. ते स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणवतात. क्वेकर, म्हणजे थरथरणारे, हे नाव डर्बीच्या एका न्यायाधीशाने चिडवायला ठेवलं, तेच चिकटलं.

सुरुवातीला लोक त्यांच्यावर भडकायचे ते वेगळ्याच कारणाने. हे कुणापुढे टोपी काढायचे नाहीत, आणि न्यायाधीश असो की उमराव, सरसकट 'तू' म्हणायचे. आपण विठोबाला म्हणतो तसं, फक्त इथे सगळ्यांनाच. कोर्टात शपथ घ्यायचे नाहीत, कारण शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं चालतं असा अर्थ झाला. त्यापायी हजारो तुरुंगात गेले. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं बंद, म्हणून बरेच धंद्यात शिरले. तुमचे कॅडबरी त्यातलेच. (क्वेकर ओट्सचा मात्र यांच्याशी काडीचा संबंध नाही, कंपनीने नुसतं नाव उचललं.)

अवांतर: यांच्या कामकाजात मतदान नसतं. सभेचा कौल काय ते लिहिणारा समजून घेतो, तिथेच ठराव लिहून वाचून दाखवतो, आणि सगळ्यांना पटेपर्यंत पुढे जात नाहीत. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हे केलं असतं तर पाण्याच्या टाकीचा विषय अजून चालू असता.

तलवारबाज
सगळं गोड आहे हो. पण नुसतं मौन पाळून हिटलर थांबला असता का? सातारकरीणताई, तुम्ही बोललात त्यात चूक काही नाही. तुमचे आजोबा लढले म्हणून हे लोक शांतपणे गप्प बसू शकले.

सुलभा_वर्धा
तलवारबाज, प्रश्न खरा आहे आणि तो त्यांनाही छळायचा. पहिल्या महायुद्धात लढण्याच्या वयाच्या ब्रिटिश क्वेकर पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांश सैन्यात गेलेच. बाकीच्यांत तुरुंगात जाणारे होते, आणि १९१४ साली काढलेल्या फ्रेंड्स अँब्युलन्स युनिटमधून हत्याराशिवाय थेट आघाडीवर जाणारेही. जखमी उचलायचे, तोफा चालू असताना. पळपुटा माणूस त्या दिशेला पळत नाही.

आणि हिटलरचं म्हणाल तर, नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा ज्यू आणि क्वेकर मंडळी मिळून ब्रिटिश गृहमंत्र्यांकडे गेली, मुलांना तरी येऊ द्या म्हणून. सुमारे १०,००० मुलं आली. त्याआधी, पहिलं युद्ध संपल्यावर, हरलेल्या जर्मनीत यांनी शाळकरी पोरांना जेवू घातलं, एका टप्प्यावर रोज दहा लाखांच्या आसपास. शत्रूची पोरं! १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या त्यांच्या दोन संस्थांना मिळालं. अमेरिकन संस्थेतर्फे घ्यायला गेलेल्या हेन्री कॅडबरींकडे समारंभाचा कोट नव्हता. युरोपात वाटायला गोळा केलेल्या जुन्या कपड्यांतून त्यांनी एक उसना घेतला. मला सगळ्या नोबेलपेक्षा हा कोट आवडतो.

पण देव्हाऱ्यातही बसवू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या क्वेकर विल्यम पेनने गुलाम बाळगले होते. गुलामगिरीविरुद्ध अमेरिकेतल्या क्वेकरांचा पहिला सामूहिक लेखी निषेध १६८८ चा, आणि फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी गुलाम ठेवायला पूर्ण बंदी केली १७७६ मध्ये. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षं आपसात वादच. अमेरिकेचा अध्यक्ष निक्सनही क्वेकर घरातलाच.

आमच्या सेवाग्रामला मार्जोरी साइक्स होत्या, गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीच्या कामात. त्याही क्वेकर. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाआधी गांधीजींचं पत्र व्हाइसरॉयकडे घेऊन गेला तो रेजिनाल्ड रेनॉल्ड्सही. आणि केरळात विटांची घरं बांधणारे लॉरी बेकर चीनमध्ये याच अँब्युलन्स युनिटमध्ये होते. परतताना बोटीसाठी मुंबईत अडकले, तिथे गांधीजी भेटले, आणि पुढे इथेच राहिले.

इटारसी_जंक्शन
वडील रेल्वेत, म्हणून आम्ही मराठी माणसं मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात. सहावीत विज्ञानाला नेहमीचं पाठ्यपुस्तक नव्हतं, 'बाल वैज्ञानिक' होतं, आणि चौघांत एक भिंग. उत्तर पुस्तकात लिहिलेलंच नसायचं, प्रयोग करून आपण लिहायचं. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा. नागपूरच्या मामाला हे सांगितलं तर त्याला वाटलं मी थापा मारतोय.

हा उपक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला, किशोर भारती ही स्वयंसेवी संस्था आणि तिथल्याच रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी मिळून. यातले 'फ्रेंड्स' म्हणजे क्वेकर, हे मला चाळिशीत कळलं. धर्माचं एक अक्षर कुणी शिकवलं नव्हतं. २००२ मध्ये सरकारने बंद केला. भिंग मात्र माझ्याकडे आहे, परत द्यायचं राहिलं.

सातारकरीण
सगळ्यांचे आभार. जाऊन आले.

साठेक माणसं होती. बाळूदादा, गुरगुरीचं खरं निघालं. वीसेक मिनिटं कुणीच काही बोललं नाही. बाहेर एक बस थांबून गेली ती ऐकू आली. मग एक बाई त्यांच्या टोमॅटोंबद्दल बोलल्या. मी मनात वाक्य जुळवत होते, माफीचं, इंग्रजीत. उठणार तेवढ्यात जावई उठला. म्हणाला, "बाबांची आवडती गोष्ट म्हणजे, शेजारच्या सैनिकाच्या नातीने त्यांना तोंडावर पळपुटा म्हटलं होतं. दर नाताळात सांगायचे. म्हणायचे, त्या घरात माझ्याशी कुणी उगाच गोड बोलत नाही."

सगळे हसले. दोघा-तिघांनी वळून माझ्याकडे पाहिलं, साडीवरून ओळखलं असणार. परत शांतता. मी उठलेच नाही. जुळवलेलं वाक्य आता फारच गुळगुळीत वाटायला लागलं होतं. शेवटी उजवीकडच्या म्हाताऱ्याने हात मिळवला, गार पडलेला हात, आणि बराच वेळ सोडला नाही.

चहाला चटणी नेली होती. डबा रिकामा परत आला. कृती विचारणाऱ्या तिघांना लसूण किती ते सांगता आलं नाही, आम्ही अंदाजाने घालतो.