मदत हवी आहे: आईची कवळी आणि लाल झालेली टाळू

नमस्कार मंडळी. आईला (वय ७२) वर-खाली पूर्ण कवळी बसवून ८ महिने झाले. गरम पाण्यानं अ‍ॅक्रिलिक (कवळीचं प्लास्टिक) वाकडं होतं अन् टूथपेस्टनं बारीक चरे पडतात, म्हणून साध्या साबणानं, मऊ ब्रशनंच धुतो. पण रात्री काढायला ती तयारच नाही! "बोळकं तोंड नातवंडांना दाखवू काय?" म्हणते. आता टाळू लाल झाली, आग होते. झणझणीत सावजी जेवण तर सुटलंच, साधं वरणही झोंबतं. ही बुरशी असेल का? कवळी भिजवायच्या गोळ्या रोज वापरायच्या का? नागपूरच्या मेडिकलमधल्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या) शासकीय दंत महाविद्यालयात नेणारच आहे, सकाळी किती वाजता नंबर लावावा? अन् तुमच्या घरच्यांना रात्री कवळी काढायला कसं पटवलं, तेही सांगा जी.