अनुभव धागा: मुलांची कॅथलिक शाळा आणि आपण पालक (सातारा-सांगली)

माझी मुलगी साताऱ्यात सिस्टरांच्या शाळेत दुसरीत आहे. आमच्या घरातून अशा शाळेत जाणारी ती पहिलीच. फी भरली, रिक्षावाले काका ठरवले की आपलं काम झालं, असं मी पहिलं वर्षभर धरून चालले. आता ते मनाला पटत नाही. तुम्ही शाळेसाठी काय करता, तिथले सण मुलांबरोबर कसे साजरे करता? जसं घडलं तसं लिहा.

पाटणकर बाबा
आमची भातशेती आहे. मुलगा तिसरीत असताना शाळेतल्या नाताळच्या गोठ्याला, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याला, पेंढा हवा होता. मी दोन भारे गाडीवर बांधून नेले. तेव्हापासून दर डिसेंबरला पेंढा आमच्याच शेतातला. मुलं मातीच्या मेंढ्या मांडतात, गव्हाण मात्र रिकामी ठेवतात. मुलाने विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, "बाळ 24 च्या रात्री येतं." घरी येऊन त्याने हे आजीला सांगितलं. कृष्णजन्माला आमचा पाळणाही मध्यरात्रीपर्यंत रिकामाच असतो, त्यामुळे आजीला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

सांगलीची आई
ऑगस्ट 2019. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. आमचं घर वाचलं, पण मुलीच्या वर्गातल्या कितीतरी जणींची दप्तरं चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही सात-आठ आया शाळेत रोज दुपारी बसायचो आणि पुरातून वाचलेल्या वह्यांवरून धडे उतरवून काढायचो. खाकी कव्हर, वर लेबल, लेबलावर नाव. एका मुलीने वही हातात घेतली, आधी वास घेतला आणि म्हणाली, "कोरडी आहे." शाळेला देणगी द्यायची ऐपत तेव्हा कुणाचीच नव्हती. हात तेवढे होते.

मिरजेचा पालक
फीवरून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा उडाला होता. मीही दोन मेसेज टाकले, त्याचं आज वाईट वाटतं. 2011 च्या शुल्क कायद्याने पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडली जाते आणि फीचा प्रस्ताव तिच्यापुढे येतो. पुढच्या वर्षी माझी चिठ्ठी निघाली. बैठकीत समोर बसून विचारलं की सरळ उत्तर मिळतं. नाव द्या, बैठकीला जा. ग्रुपवर भांडू नका.

कराडची आई
8 सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस, बऱ्याचदा गणपतीतच येतो. मुलं घरून फुलं नेतात. आम्ही परसातला सोनटक्का देतो, ओल्या फडक्यात गुंडाळून, नाहीतर शाळेत पोचेपर्यंत मान टाकतो. यंदा लेकीने सिस्टरांना गौरीला घरी बोलावलं. त्या आल्या, गौरींपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. लेकीने करंज्यांचं ताट स्वतःच्या हातांनी पुढे केलं आणि गौरींपुढच्या फुलांकडे बोट दाखवून म्हणाली, "सिस्टर, ही आमच्या घरची फुलं, तुमच्याकडे पण हीच असतात ना?"