मार्मोट: पँगाँगचा वेगळा, पेन्सी-ला चा वेगळा

मार्मोट म्हणजे डोंगरात बिळं करून राहणारा, खारीच्या कुळातला जाडजूड प्राणी. लडाखमध्ये पँगाँग तलावाच्या वाटेवर दिसलेला आणि कारगिलकडच्या सुरू नदीच्या खोऱ्यात दिसलेला मार्मोट एकच का, असं एकाने विचारलंय. नाही, या दोन वेगळ्या जाती आहेत. पूर्व लडाखमधला हिमालयीन मार्मोट. तो तिबेटच्या पठारापासून नेपाळ, सिक्कीम, भूतानपर्यंत आढळतो. अंग मातकट-पिवळं, नाकाड गडद, शेपूट आखूड. कारगिलकडून सुरू खोऱ्यातून झंस्कारला जाताना रंगदुम, पेन्सी-ला खिंडीच्या भागात दिसतो तो लांब शेपटीचा मार्मोट. रंग तांबूस-सोनेरी, पाठीवर काळपट छटा, आणि शेपूट झुबकेदार. ही जात पुढे काराकोरम, हिंदुकुश, पामीर करत थेट तिएनशानपर्यंत जाते. फोटोत शेपूट नीट आली असेल तर ओळख पटायला तेवढं पुरतं.

खरी कमाल त्यांच्या हिवाळ्याची आहे. थंडी सुरू झाली की अख्खं कुटुंब बिळात शिरतं, माती-दगडांनी तोंड आतून बुजवतं आणि वसंतापर्यंत एकमेकांना चिकटून झोपतं. शरीराचं तापमान पार उतरतं, हृदयाचे ठोके मंदावतात. मधूनमधून ते थोडा वेळ जागे होतात, पण हे सगळे महिने निभतात ते उन्हाळ्यात गवत, मुळं खाऊन साठवलेल्या चरबीवर.

म्हणूनच पर्यटकांनी त्यांना बिस्किटं चारणं मला अजिबात पटत नाही. शिवाय माणसाला सरावलेला मार्मोट धोक्याची शीळ घालून बिळाकडे पळेनासा होतो. लांडगा, हिमबिबट्या, सोनेरी गरुड यांच्या टापूत राहणाऱ्या प्राण्याला हे परवडणारं नाही. गाडी थांबवा, लांबून बघा, खायला काहीही देऊ नका.