हॅमस्टरची मादी व्याली आहे : पावसाळ्यात तिची आणि पिल्लांची काळजी कशी घ्यावी?

प्रश्न : राजारामपुरीतील आई

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. माझ्या मुलीसाठी मे महिन्याच्या शेवटी आम्ही सोनेरी, म्हणजे ज्याला सीरियन म्हणतात त्या जातीच्या हॅमस्टरची एक मादी घरी आणली. दुकानात नर आणि माद्या एकाच पिंजऱ्यात होते, पण ही गाभण असू शकते असे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि पंधरवडा उलटायच्या आत ती व्याली. पिल्ले आता साधारण आठवड्याची झाली असून त्यांच्या अंगावर बारीक लव दिसू लागली आहे. डोळे अजून मिटलेलेच आहेत. घरट्यात ती एकमेकांवर पडलेली असल्यामुळे नेमकी किती आहेत ते कळत नाही. आठ किंवा नऊ असावीत.

काल संध्याकाळी स्वयंपाकघरात मिक्सर सुरू केला तेव्हा मादी घरट्यातून उठली, तिने एक पिल्लू अख्खे तोंडात घेतले आणि ती पिंजऱ्यात सैरावैरा फिरू लागली. मुलीला वाटले की तिने पिल्लू गिळले, आणि ती रात्रभर त्याच विचाराने अस्वस्थ होती. मादी आपली पिल्ले खाते असे मीही ऐकले आहे. असे होऊ नये म्हणून आम्ही काय करावे? शिवाय पाऊस सुरू झाल्यापासून पिंजऱ्याला कुबट वास येतो आहे. आता सगळे भूस बदलून पिंजरा धुतला तर चालेल का? आमच्या घरात अंडे आणले जात नाही, तेव्हा दूध पाजणाऱ्या मादीला शाकाहारी काय द्यावे, आणि पिल्ले आईपासून केव्हा वेगळी करावीत, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापक, मंगळवार पेठ

प्रथम मुलीला सांगा की बहुधा पिल्लू सुखरूप आहे. हॅमस्टरच्या दोन्ही गालांत खांद्यांपर्यंत मागे जाणाऱ्या पिशव्या असतात. एरवी ती त्यांत धान्य भरून नेते आणि धोका वाटला की पिल्लेही त्यांतच घालून दुसऱ्या जागी हलवते. मिक्सरच्या आवाजाने ती घाबरली आणि सुरक्षित जागा शोधू लागली. जागा सापडली की ती पिल्लू बाहेर काढते. अशा वेळी आपण पिंजऱ्याजवळ धावत जाऊन तिच्या तोंडातून पिल्लू सोडवायला गेलो, तर मात्र जे होऊ नये तेच होण्याची शक्यता वाढते.

मादी पिल्ले मारते ही गोष्ट खरी आहे, पण ती क्रूरपणातून घडत नाही. घरटे सुरक्षित राहिले नाही असे वाटणे, पिल्लांना परका वास लागणे, अन्न किंवा पाणी कमी पडणे, आणि अगदी पहिल्याच वितीत मादी स्वतः लहान असणे, ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. या जातीच्या पाळीव इतिहासाची सुरुवातच अशा प्रसंगाने झाली आहे. १९३० साली इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातील अलेप्पोजवळ शेतातील बीळ खणवून एक मादी आणि तिची ११ पिल्ले मिळवली, आणि पेटीत ठेवल्याबरोबर त्या मादीने जवळचे एक पिल्लू मारले. आज जगभर घरोघरी असलेल्या बहुतेक सोनेरी हॅमस्टरांचा वंश त्याच घरट्यातून उरलेल्या पिल्लांपर्यंत मागे जातो. खोल, अंधाऱ्या, निवांत बिळात पिल्ले वाढवणारा हा प्राणी आहे, एवढे लक्षात ठेवले म्हणजे काय करावे आणि काय टाळावे हे बरेचसे आपोआप सुचते.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत जशी शांतता, अंधुक उजेड आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर बंधन असते, तशीच व्यवस्था येथे करावी. पिंजरा स्वयंपाकघर, दूरदर्शन संच आणि रस्त्याकडची खिडकी यांपासून दूर, एखाद्या कोपऱ्यात न्या. मात्र नेताना तो अजिबात न हलवता, दोघांनी मिळून सपाट उचला. तीन बाजूंनी पातळ सुती कापड लावा, म्हणजे हवा खेळेल आणि समोरचे हालचालीचे दृश्य अडेल. पिल्लांना दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत हात लावू नये. एखादे पिल्लू घरट्याबाहेर पडलेच, तर मादी स्वतः त्याला ओढून नेईल. फार वेळ झाला आणि ते गार पडू लागले, तरच पिंजऱ्यातील भुसात घोळवलेल्या चमच्याने उचलून घरट्याच्या तोंडाशी ठेवावे.

पिंजरा धुण्याचा विचार सध्या पूर्ण सोडून द्या. घरट्याचा वास हीच मादीची खूण असते आणि तो नाहीसा झाला तर ती बिथरते. जो कोपरा ती मूत्रासाठी वापरते तेथील ओले भूस ती खायला बाहेर आली असताना चिमटीने काढावे, तेवढे पुरे आहे. फिरायचे चाक मात्र आताच काढून ठेवा, कारण पिल्ले दहाव्या दिवसाच्या आसपास, डोळे उघडण्याआधीच, सरपटत बाहेर येतात आणि चाकाखाली चिरडू शकतात.

आहाराबाबत आपली अडचण मोठी नाही. दूध पाजणाऱ्या मादीच्या आहारात साधारण १८ ते २२ टक्के प्रथिने असावीत. तिच्या नेहमीच्या दाण्यांच्या मिश्रणाबरोबर बिनमिठाच्या पनीराचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा, मोड आलेले आणि वाफवून थंड केलेले थोडे मूग, पाण्यात शिजवलेले ओट्स आणि भाजलेला राळा रोज आलटूनपालटून द्यावा. सूर्यफुलाच्या बिया आणि कच्चे शेंगदाणे मोजके द्यावेत, कारण त्यांत चरबी जास्त असते आणि मादी आवडीने तेवढेच खाऊन बाकीचे सोडते. कांदा, लसूण, लिंबू-संत्र्यासारखी आंबट फळे, कच्चा बटाटा, चॉकलेट आणि मीठ-तिखट लावलेला कोणताही पदार्थ वर्ज्य समजावा. ओले अन्न ती रात्री घरट्यात साठवते, म्हणून ते संध्याकाळी थोडेच ठेवावे आणि उरलेले सकाळी काढावे. पिल्ले सात ते दहा दिवसांची झाली की आईने घरट्यात आणलेले मऊ अन्न कुरतडू लागतात. जन्मतःच त्यांना पुढचे दात असतात, त्यामुळे हे लवकर सुरू होते.

उत्तर २ : ताराबाई पार्कातील हॅमस्टरपालक

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी फक्त आपल्या गावच्या पावसाळ्याविषयी लिहितो, कारण त्याचा विचार परदेशी माहितीत सापडत नाही.

सर्वांत मोठा धोका मुंग्यांचा आहे. मादी घरट्यात अन्न साठवते, लाल मुंग्या त्या वासावर येतात आणि उघड्या त्वचेच्या पिल्लांना चावून मारू शकतात. पिंजरा टेबलावर ठेवून टेबलाचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा आणि टेबल भिंतीला टेकणार नाही याची खात्री करा. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले तर मुंग्या तरंगून पलीकडे जात नाहीत. मुंग्यांचा खडू किंवा फवारा पिंजऱ्याच्या आसपास अजिबात वापरू नये, कारण त्यातील विष एवढ्याशा जिवाला हवेतून आणि पायांना लागूनही बाधते. मांजर, घरातले उंदीर आणि पाल यांचाही बंदोबस्त असावा. मांजर पिंजऱ्याशी नुसते येऊन बसले तरी मादीला तो फार मोठा धक्का असतो.

कुबट वास बहुधा ओलावलेल्या भुसाचा आहे. वखारीतून आणलेला भुसा वापरत असाल तर तो हळूहळू बंद करावा: त्यात कोणत्या लाकडाचे मिश्रण आहे हे कळत नाही, पाइनसारख्या राळेच्या लाकडाचा वास श्वसनाला त्रासदायक असतो आणि आषाढातल्या हवेत त्याला लगेच बुरशी धरते. त्याऐवजी छपाई नसलेल्या कागदाच्या पट्ट्या किंवा कागदी भूस घालावे. घरट्यासाठी बिनवासाचा टिश्यू कागद फाडून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ठेवला की मादी तो स्वतःच उचलून नेते. कापूस घालण्याचा मोह मात्र टाळा. त्याचे लांब धागे पिल्लांच्या पायांना गुंडाळले जाऊन रक्तपुरवठा तुटतो.

ऊब मिळावी म्हणून काही जण कोंबडीच्या पिल्लांप्रमाणे बल्ब लावतात. जून-जुलैत आपल्याकडे घरातले तापमान त्यांना पुरेसे असते आणि आईची ऊब असताना बल्बने घरटे तापून पिल्ले गुदमरण्याचाच धोका आहे. आणखी एक पाहावे: तारेच्या पिंजऱ्यातल्या दोन तारांमधून तुमची करंगळी आत जात असेल, तर पिल्ले बाहेर निसटू शकतात. खालच्या भागाला बाहेरून बारीक जाळी बांधून घ्या.

राजारामपुरीतील आई

आपणा दोघांचे मनापासून आभार. पिंजरा आतल्या खोलीत हलवला आहे, चाक काढले आहे आणि वाट्याही लावल्या आहेत. मुलीनेच दारावर शांत राहण्याची पाटी लावली आहे. आज मादी बाहेर आली तेव्हा लांबून पाहता आले. सगळी पिल्ले हलत आहेत, पण त्यांतले एक इतरांपेक्षा बरेच लहान आहे. त्याला ड्रॉपरने गाईचे दूध पाजावे का? आणि मादी मधूनच पिल्लांना सोडून पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन झोपते, हे ठीक आहे का?

उत्तर ३ : पशुवैद्यक, शाहूपुरी

ड्रॉपरने दूध पाजू नये. इतक्या लहान पिल्लाच्या श्वासनलिकेत एक थेंब गेला तरी फुप्फुसाचा दाह होतो, गाईचे दूध त्याला पचत नाही, आणि तुमच्या हाताचा वास लागल्याने आई त्याला नाकारू शकते. मोठ्या वितीत एखादे पिल्लू मागे राहणे स्वाभाविक आहे. आईचा आहार चांगला ठेवणे हीच त्या पिल्लाला करता येण्यासारखी खरी मदत आहे. त्यातूनही ते वाचेलच असे मी आपल्याला खात्रीने सांगू शकत नाही, आणि मुलीलाही हे आधीच हळुवारपणे सांगून ठेवावे असे मला वाटते.

मादीने अधूनमधून दूर जाऊन विश्रांती घेणे योग्यच आहे. पिल्ले हिंडू लागली की ती तिला सतत लुचतात, म्हणून तिला चढता येईल पण पिल्लांना पोचता येणार नाही अशी एखादी बुटकी फळी किंवा लाकडी खोकी ठेवावी. पिल्ले बारा दिवसांची होतील तेव्हा पाण्याची दुसरी बाटली अगदी खाली, त्यांच्या तोंडाच्या उंचीवर लावा आणि तिच्या नळीतून पाणी येते आहे हे रोज बोट लावून तपासा. पाणी पसरट वाटीत ठेवू नये.

डोळे १४ ते १६ दिवसांच्या सुमारास उघडतात. त्यानंतर हात धुऊन, पिंजऱ्यातील भूस तळहाताला चोळून, आई फळीवर असताना मुलीने एकेक पिल्लू काही क्षण हातात घ्यायला हरकत नाही. जमिनीवर बसूनच घ्यावे, कारण ती उडी मारतात.

दूध सुटण्याच्या काळात जुलाबाकडे काटेकोर लक्ष ठेवावे. शेपटीभोवतीचे केस ओले व चिकट दिसणे, पाठीत पोक काढून बसणे, खाणे सोडणे, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. हा आजार एक-दोन दिवसांत पिल्लू दगावण्याइतका वेगाने वाढतो. घरातले उरलेले प्रतिजैविक स्वतःच्या मनाने तर कधीच देऊ नये. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन यांसारखी पेनिसिलिन गटातील औषधे माणसाला निर्धोक असली, तरी हॅमस्टरच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारून त्याचा जीव घेतात. गावात लहान प्राणी तपासणारे पशुवैद्यक कोण आहेत, याची चौकशी आजच करून ठेवा.

उत्तर ४ : रुईकर कॉलनीतील हॅमस्टरपालक

वेगळे करण्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, आणि तारीख चुकली तर सर्वांत महाग पडणारा मुद्दा तोच आहे. पिल्ले २१ दिवसांची झाली की त्यांचे दूध सुटते. २८ दिवस पूर्ण होण्याआधी नर आणि माद्या वेगळ्या झाल्याच पाहिजेत, कारण सुमारे महिन्याभराच्या मादीलाही गर्भ राहू शकतो आणि लहान नर स्वतःच्या आईशी आणि बहिणींशीही जुगतो. गर्भकाळ जेमतेम १६ दिवसांचा असल्याने थोड्या दिरंगाईत आठांची पन्नास होतात.

ओळखण्यासाठी पिल्लू उताणे धरून शेपटीखालील दोन छिद्रांमधील अंतर पाहावे: मादीत ती जवळजवळ चिकटून असतात, नरात त्यांच्यामध्ये स्पष्ट अंतर असते. एकटे पिल्लू पाहून अंदाज चुकतो, म्हणून दोन-तीन शेजारी धरून तुलना करावी. चौथ्या आठवड्यात नराचा मागचा भाग टोकदार फुगलेला दिसू लागतो. शंका राहिली तर त्या पिल्लाला स्वतंत्र डब्यात ठेवावे.

ही जात प्रौढपणी एकांतप्रिय आहे. पाच-सहा आठवड्यांनंतर सख्ख्या बहिणीही एकमेकींना जखमी करतात, आणि आईलाही पिल्ले नकोशी होतात. म्हणून घरे आतापासूनच शोधायला लागा आणि भोके पाडलेल्या झाकणांचे मोठे प्लॅस्टिकचे डबे हळूहळू जमवा. पिल्ले सांभाळता आली नाहीत तर शेतात किंवा रंकाळ्याकाठी सोडून देऊ नयेत. येथील पाऊस आणि शिकारी पक्षी यांपुढे ती टिकत नाहीत.

राजारामपुरीतील आई

हे सर्व वहीत लिहून ठेवले आहे. इचलकरंजीला माझी नणंद दोन पिल्ले घ्यायला तयार आहे. एकटे पिल्लू कंटाळेल म्हणून तिला दोन बहिणी एकाच पिंजऱ्यात हव्या आहेत. तशा देता येतील का?

उत्तर ४ : रुईकर कॉलनीतील हॅमस्टरपालक

नाही. दोन द्यायच्या असतील तर दोन पिंजरे आणि दोन पाण्याच्या बाटल्या घेतल्यावरच द्या. जागा एकच असेल तर त्यांना एकच पिल्लू घ्यायला सांगा. ते एकटे कंटाळत नाही. खोल भूस, लपायला डबा आणि धावायला सलग पृष्ठभागाचे चाक मिळाले, की त्याला दुसऱ्या हॅमस्टरची गरज लागत नाही.